देवावर सर्वांत अधिक प्रीती, मग माझ्या लेकीचं काय?

एका तरुण आईने विचारलेला प्रश्न असा: "पाळकसाहेब, सलाम. माझी मुलगी दीड वर्षाची आहे. लग्नानंतर सात वर्षांनी झाली. मागच्या रविवारी उपासनेत मत्तयाच्या दहाव्या अध्यायातलं वचन वाचलं, की जो माझ्यापेक्षा मुलावर किंवा मुलीवर अधिक प्रेम करतो तो मला योग्य नाही. सगळ्यांनी आमेन म्हटलं. माझ्या तोंडून ते निघालं नाही. मुलगी मांडीवर झोपली होती. खरं सांगते, तिच्याइतकं प्रेम माझं कुणावरच नाही, देवावरही नाही. सासूबाई म्हणतात, लेकीला देव करू नकोस, देव नेतो. तेव्हापासून भीती वाटते. मी खोटी ख्रिस्ती आहे का?"

ताई, सलाम.

आधी भीतीबद्दल बोलतो. मनात भीती असली की बाकी काही कानात शिरत नाही. तेहतीस वर्षं मी पाळक आहे, आधी बरीच वर्षं नगर जिल्ह्यातल्या खेड्यांत आणि आता पुण्यात. "फार जीव लावू नकोस, देव नेतो" हे मी किती घरांत ऐकलं त्याची मोजदाद नाही. सासूबाईंच्या मनात वाईट नाही. त्यांच्या आधीच्या पिढ्यांत घरोघर एखादं तरी मूल गेलेलं असायचं, आणि त्या दुःखाला काहीतरी कारण हवं म्हणून बायकांनी हे कारण धरून ठेवलं. बाळाच्या गालाला काजळाची तीट लावतात, त्याच जातीचं हे बोलणं आहे. पण ते शुभवर्तमान नाही.

अब्राहामाची गोष्ट तुम्हाला पाठ असेल, देवाने त्याच्या मुलाचा बळी मागितला ती. म्हातारपणी झालेला मुलगा, मोरियाचा डोंगर, लाकडं, सुरी. आपण ती गोष्ट ऐकतो तेव्हा सुरीकडेच बघतो. मी तुम्हाला तिच्या सुरुवातीकडे बघायला सांगतो. तिथे देव अब्राहामाला त्याच्या मुलाबद्दल, इसहाकाबद्दल, म्हणतो, "तुझा एकुलता एक, ज्याच्यावर तू प्रीती करतोस तो." मूळ इब्री म्हणजे हिब्रू शास्त्रात 'प्रीती करणे' हे क्रियापद पहिल्यांदा येतं ते या ठिकाणी, उत्पत्ती या पहिल्या पुस्तकाच्या बाविसाव्या अध्यायात. त्याआधी जग निर्माण झालं, जलप्रलय झाला, करार झाला, पण हा शब्द आला नव्हता. तो पहिल्यांदा उच्चारला गेला तो एका बापाच्या मुलावरच्या मायेसाठी, आणि देवाच्या तोंडून. त्यात दोष काढल्याचा सूर नाही. देवाला ती माया माहीत आहे, तिचं नाव त्याला घेता येतं. आणि गोष्टीच्या शेवटी मूल जिवंत राहतं. हात थांबवणारा देवच आहे. आजूबाजूचे लोक आपल्या देवतांना पोरं अर्पण करत, आणि पुढे यिर्मयाच्या तोंडून देवाने सांगितलं की असलं काही माझ्या मनातही आलं नव्हतं.

मी लहान मुलांना माती दिली आहे. लहानशी पेटी बापाने एकट्याने खांद्यावर उचलून आणलेली पाहिली आहे. त्या एकाही आईला "तू फार प्रेम केलंस म्हणून" असं सांगण्याइतकं देवाच्या वचनात मला काही सापडलं नाही. उलट ईयोबाच्या मित्रांनी त्याच्या पोरांच्या मरणाचा हिशेब मांडला, तेव्हा देव रागावला तो मित्रांवर. पंडिता रमाबाईंची एकुलती एक लेक मनोरमा १९२१ साली आईच्या आधी गेली, आणि पुढच्याच वर्षी एप्रिलमध्ये रमाबाई गेल्या. केडगावच्या मुक्ती सदनात हजारो टाकलेल्या लेकींची आई झालेल्या, इब्री आणि ग्रीक शिकून साध्या मराठीत पवित्र शास्त्र उतरवणाऱ्या या बाईला देवाने मत्सरापोटी शिक्षा केली असं म्हणायला जीभ रेटत नाही. मनोरमा का गेली याचं उत्तर माझ्याकडे नाही. पण आईचं प्रेम हे त्याचं कारण नव्हतं, एवढं मी ठाम सांगतो.

दहा आज्ञांत देव स्वतःला ईर्ष्यावान म्हणतो हे खरं. ती ईर्ष्या मूर्तींबद्दल आहे. ज्या वस्तूपुढे माणूस वाकतो आणि जी त्याला काही देऊ शकत नाही, तिच्याबद्दल. तुमची लेक तुमच्या मांडीवर झोपली म्हणून देव तिचा प्रतिस्पर्धी होत नाही. ती त्यानेच दिली ना?

आता त्या वचनाकडे येऊ. येशू हे बारा शिष्यांना पहिल्यांदा बाहेर पाठवताना बोलला. त्याच अध्यायात थोडं वर वाचा: भाऊ भावाला मरणासाठी धरून देईल, मुलं आईबापांवर उठतील. म्हणजे समोर जे घर आहे त्यात आधीच भांडण पेटलेलं आहे, आणि भांडणाचं कारण येशूच आहे. अशा घरात "आमचं ऐक नाहीतर आमचा नाहीस" असं आई म्हणाली तर काय करायचं, याचं ते उत्तर आहे. मुलीला दूध पाजणाऱ्या आईचं प्रेम तोलायला तो तराजू मांडलेला नाही.

लूकाच्या चौदाव्या अध्यायात हेच आणखी कडक आहे. तिथे आईबाप, बायको, मुलं यांचा 'द्वेष' करण्याची भाषा आहे. हा शब्द वाचून पुष्कळ लोक अडखळतात, आणि अडखळावंच. पण इब्री बोलण्याची ती ढब आहे. याकोबाला लेआ आणि राहेल अशा दोन बायका होत्या. त्याच्या गोष्टीत आधी म्हटलं आहे की त्याने लेआपेक्षा राहेलीवर अधिक प्रीती केली, आणि लगेच पुढच्या ओळीत लेआसाठी मूळ शब्द येतो तो 'द्वेष केलेली'. म्हणजे दोघींतून एकीची निवड झाली की दुसरीला तो शब्द लागतो. आपल्या मराठीत यासाठी नेमकी जोडी आहे: आवडती आणि नावडती. याकोबाने लेआला हाकलली नाही, तिच्यापासून त्याला सहा मुलगे झाले, आणि मरताना त्याने सांगितलं की मला मकपेलाच्या गुहेत पुरा, जिथे मी लेआला पुरलं. नावडतीच्या शेजारी. तेव्हा 'द्वेष' शब्दावरून आईबापांशी फटकून वागायला निघालेल्या तरुण पोरांना मी आधी ही गोष्ट पूर्ण वाचायला लावतो.

म्हणजे वचन सैल झालं असं समजू नका. कडकपणा त्यात आहेच, पण तुम्ही समजता तिथे नाही. तुम्ही म्हणता, "तिच्याइतकं प्रेम देवावर नाही," आणि तसं म्हणताना तुम्ही छातीत काय दाटून येतं ते मोजता. ते मोजायचं ठरवलं तर कुठलीच आई पास होणार नाही. लेकीच्या डोक्याला दुधाचा वास येतो, ती बोट धरते, हाक मारते. देव दिसत नाही. योहानाला हे ठाऊक होतं, म्हणून त्याने उलटीकडून मोजलं: डोळ्यांना दिसणाऱ्या भावावर ज्याची प्रीती नाही, त्याला न दिसणाऱ्या देवावर प्रीती करता येणार नाही. दिसणाऱ्यावरचं प्रेम ही त्याच्या लेखी परीक्षा आहे. चोरी नव्हे.

आणि भावनेची आज्ञा देता येते का? "प्रेम वाटून घे" असं कुणी कुणाला फर्मावू शकत नाही. तरी पवित्र शास्त्रातल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात, देवावर पूर्ण अंतःकरणाने, जिवाने, शक्तीने प्रीती कर, अशी आज्ञाच आहे, आणि येशूने सगळ्यांत मोठी आज्ञा म्हणून तीच सांगितली. ज्या जगात ती आज्ञा दिली गेली, तिथे 'प्रीती' हा करारातला शब्द होता. इ.स.पूर्व ६७२ मध्ये अश्शूरचा राजा एसरहद्दोन याने आपल्या मांडलिकांकडून शपथ घेतली, की माझ्या वारस मुलावर, अशुरबनिपालवर, स्वतःसारखी प्रीती करा. त्याला त्यांच्या डोळ्यांतलं पाणी नको होतं. संकटात तुम्ही कुणाच्या बाजूने उभे राहाल, हे त्याला हवं होतं. इस्राएलाला हा शब्द कळायचा तो याच अंगाने, फक्त त्यांचा राजा दासांना मिसरातून सोडवून आणणारा होता. तेव्हा देवावर सर्वांत अधिक प्रीती म्हणजे पहिल्यांदा ही गोष्ट: शेवटचा शब्द कुणाचा. भावना येते, जाते, बाळंतपणानंतर तर कित्येक महिने कुठल्याच भावनेवर भरवसा ठेवता येत नाही. शब्द कुणाचा चालतो, ते मात्र दिसतं.

त्या आज्ञेतले तीन इब्री शब्द मी प्रवचनात नेहमी उलगडून सांगतो. 'लेव' म्हणजे अंतःकरण, पण इब्री माणसाचं अंतःकरण हळवं होण्याची जागा नसून विचार करण्याची, ठरवण्याची जागा आहे. 'नेफेश' म्हणजे जीव, अगदी गळ्यातून जाणारा श्वास. आणि तिसरा शब्द फार गमतीदार आहे, 'मओद'. एरवी त्याचा अर्थ नुसता 'फार' असा होतो. म्हणजे "आपल्या सगळ्या 'फार'ने प्रीती कर." आपण 'शक्तीने' म्हणतो. जुन्या यहुदी शास्त्र्यांनी त्याचा अर्थ सरळ "आपल्या सगळ्या पैशाअडक्याने" असा केला. मला तो अर्थ आवडतो. प्रीतीबद्दल आम्ही खूप गातो, पण ती खिशापर्यंत पोहोचली का हे विचारलं की मंडळी गप्प होते.

इथे मला एक आजी आठवते. नेवासे तालुक्यातल्या एका वस्तीवर राहायची. पत्र्याचं घर, चुलीशेजारी दोन डबे. मोठा बाजरीच्या पिठाचा, आणि लहान, जुना वनस्पती तुपाचा, झाकण हरवलेलं म्हणून वर बशी ठेवलेली. भाकरी करायला बसली की काठवट पुढे ओढण्याच्या आधी ती मोठ्या डब्यात हात घालायची, मूठ भरायची, बशी उचलून ती मूठ लहान डब्यात सोडायची, हात झटकायची. मग काठवट. तोंडाने काही बोलत नसे. बाजरीचं पीठ फार दिवस ठेवलं की कडू होतं, म्हणून दर शनिवारी लहान डबा रिकामा व्हायचा. ज्या घरात त्या आठवड्यात कामाचा पत्ता नसेल त्या घरी ते पीठ जायचं, मग ते घर मंडळीतलं असो वा नसो.

२०१२-१३ च्या दुष्काळात मी तिच्याकडे बसलो होतो. मोठ्या डब्याचा तळ दिसत होता. नातू म्हणाला, "आजी, आधी आपलं हू दे. उरलं तर टाक."

आजीने त्याच्याकडे पाहिलंही नाही. "उरलंसुरलं गुरांना घालत्यात," ती म्हणाली. "देवाला न्हाई."

आणि मूठ सोडली. त्या दिवशीची मूठ लहान होती, माझ्या नजरेतून ते सुटलं नाही, आणि तिने ते लपवलंही नाही. मूठ आटली होती, पण ती कधी काढायची हे बदललं नव्हतं. पहिली भाकरी तव्यावरून उतरली ती नातवाच्या ताटात गेली, दुसरी माझ्या. तिसरी तिच्या सुनेच्या. ती स्वतः शेवटी जेवली, अर्धी भाकरी आणि मिरचीचा ठेचा.

'देव सर्वांत आधी' हे मी पुस्तकांत पुष्कळ वाचलं होतं. पण देव पुढे आला की मागे कोण सरकतं, हे मला त्या चुलीपाशी कळलं. मला वाटत होतं लेकरं मागे सरकतात, आणि तुम्हालाही तीच भीती आहे. तिथे लेकरू आपल्या जागेवर होतं. मागे सरकली ती आजी.

आता जिथे खरोखर टक्कर होते त्या गोष्टी. त्या होतात, आणि आपल्या मराठी ख्रिस्ती इतिहासात तर पुष्कळ झाल्या. नारायण वामन टिळकांनी १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईत बाप्तिस्मा घेतला. कोकणस्थ ब्राह्मणाचं घर, पदरात लहान मुलगा, आणि लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळलं. काही वर्षं त्या नवऱ्यापासून दूर राहिल्या. ते दिवस त्यांनी पुढे स्वतःच लिहून ठेवले आहेत, आणि आमच्याकडे टिळकांच्या धैर्याबद्दल बोलताना त्या पानांवरून भरभर पुढे जाण्याची सवय आहे. मला ती पटत नाही. टिळकांना जे सत्य कळलं त्याला त्यांनी पाठ दाखवली असती तर ते आतून मेले असते. त्यांना तेच करणं भाग होतं. पण त्या सत्याची किंमत त्यांच्याइतकीच, कदाचित त्यांच्याहून जास्त, एका बाईने मोजली, जिला कुणी विचारलं नव्हतं. मत्तयाचा दहावा अध्याय हा असा आहे. तो वाचताना रडू आलं पाहिजे. टाळ्या वाजवायचं ते वचन नाही. पुढे लक्ष्मीबाई नवऱ्याकडे परतल्या, आणि तेव्हाही ख्रिस्ती झाल्या नव्हत्या. टिळकांनी वाट पाहिली. १९०० साली लक्ष्मीबाईंनी बाप्तिस्मा घेतला तो स्वतःच्या मनाने, आणि नंतर त्यांच्या घरात पोरकी मुलं वाढली. देवावरची प्रीती खरी असेल तर ती घरच्या माणसाला ओढत नेत नाही, त्याच्यासाठी थांबते. टिळकांच्या बाप्तिस्म्याइतकंच मला त्यांचं ते थांबणं मोठं वाटतं.

याच्या उलट बाजूचंही सांगितलं पाहिजे, कारण ते माझ्याच घरात घडलं.

पाळक होऊन मला तीन-चार वर्षं झाली होती. आमची धाकटी मुलगी तुमच्या लेकीएवढीच होती. शेजारच्या गावात तीन दिवसांची उपास-प्रार्थना होती. मुलगी तापाने फणफणत होती. बायको म्हणाली, "आजचा दिवस थांबा." मी म्हटलं, "देवाचं काम आधी." बॅग उचलली आणि एसटी पकडली. रात्री ताप डोक्यात गेला, आकडी आली. बायकोने शेजाऱ्याला उठवून त्याच्या मोटारसायकलवर, मुलीला छातीशी बांधून, तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. तेव्हा आमच्याकडे फोन नव्हता. मी तिसऱ्या दिवशी घरी आलो तेव्हा मुलगी उठून बसली होती. बायकोने ताट वाढलं. काही बोलली नाही. मी जेवत असताना तिने मुलीला माझ्या मांडीवर आणून ठेवलं आणि आत निघून गेली.

पुढच्या रविवारचा पाठ मार्काचा सातवा अध्याय होता. परूशी, म्हणजे त्या काळचे कडक धर्मशिक्षक, मुलाला आईबापांना असं म्हणू देत, तुम्हाला माझ्याकडून जे मिळायचं ते 'कुर्बान' आहे, म्हणजे देवाला अर्पण झालं, आता तुम्हाला देता येत नाही. येशू त्यांना म्हणतो, तुम्ही आपल्या परंपरेने देवाचं वचन रद्द करता. मी वेदीपाशी उभा राहून ते वाचलं आणि मला पुढे बोलवेना. माझ्याशिवाय ती तीन दिवसांची प्रार्थना अडली नसती. तिथे लोक मला अभिषिक्त सेवक म्हणत, आणि ते ऐकायला मला आवडत होतं. देवाच्या नावावर मी जे आधी ठेवलं होतं ते माझंच नाव होतं. त्या दिवशी मी प्रवचन अर्धवट सोडलं आणि मंडळीसमोर बायकोची क्षमा मागितली. तिने ती त्याच दिवशी दिली असं सांगता येणार नाही.

म्हणून कुणी "देव आधी" म्हणून घरच्या माणसाला उपाशी, आजारी, एकटं टाकत असेल तर मी त्याला विचारतो: देव आधी आला, की तू? देवावरची प्रीती माणसावरच्या कर्तव्यातून सुटका देत नाही. क्रुसावर जीव जात असताना येशूने आपल्या आईची सोय लावली, प्रिय शिष्याला म्हणाला, ही पाहा तुझी आई. बापाची इच्छा सर्वांत वर ठेवून मरणाऱ्या माणसाने शेवटच्या श्वासात हे काम केलं. याहून स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही.

आता तुमच्या लेकीचं. तुमचं तिच्यावरचं प्रेम कमी करायचं नाही, पण त्याला वरून एक धनी हवा. धनी नसलं की हे प्रेम हळूहळू काय होतं, ते मी बघत आलो आहे. "पोरीसाठी" म्हणून माणूस खोटा दाखला काढतो. "पोरीसाठी" म्हणून म्हाताऱ्या सासऱ्याच्या औषधाला पैसे नसतात. आपल्या लेकीच्या ताटात ताजं आणि घरकाम करणाऱ्या बाईच्या लेकीच्या हातात कालचं, हे करताना आईला वाटतंच नाही की आपण काही चुकीचं करतोय, कारण सगळं प्रेमापोटी आहे. आणि शेवटी त्याचा भार त्या पोरीवरच पडतो. ज्या मुलाला आईने आपलं सगळं केलं, त्याला दहावीत कमी गुण मिळवण्याची मोकळीक नसते, आजारी पडण्याची नसते, लग्न करून दूर जाण्याची तर नसतेच. परदेशी गेलेल्या मुलाच्या आया माझ्याकडे येऊन बसतात. काही रडतात आणि उठून कामाला लागतात. काहींचं मात्र सगळं घर त्या एका पोरावर उभं असतं, आणि तो गेला की खांब गेल्यासारखं होतं. माणसाच्या लेकराला देव होणं झेपत नाही. सासूबाई जे म्हणाल्या त्यातला खरा अंश एवढाच आहे.

डीट्रिख बॉनहॉफर नावाचा जर्मन पाळक हिटलरला विरोध केला म्हणून बर्लिनच्या टेगेल तुरुंगात होता. त्याचं स्वतःचं लग्न ठरलेलं होतं, ते कधी झालं नाही. १९४५ च्या एप्रिलमध्ये त्याला फाशी दिली. १९४४ च्या मे महिन्यात त्याने आपल्या एका मित्राला पत्र लिहिलं. त्या मित्राचं नवं लग्न, घरात तान्हं मूल, आणि तो युद्धावर. त्याला बॉनहॉफरने लिहिलं की देवाला आपल्याकडून पूर्ण अंतःकरणाची प्रीती हवी आहे, पण पृथ्वीवरची प्रेमं दुबळी व्हावीत म्हणून नव्हे. जुन्या चर्चसंगीतात एक मूळ स्वरावली धरून ठेवलेली असते आणि बाकीचे आवाज तिच्याभोवती मोकळे फिरतात, तशी देवावरची प्रीती आहे. मूळ स्वर पक्का असला की बाकीचे हवे तितके उंच जाऊ शकतात. आपण भजन-कीर्तनातले लोक, आपल्याला यासाठी तंबोरा पुरे. तंबोरा गाणं म्हणत नाही. ऐकणाऱ्याचं त्याच्याकडे लक्षही जात नाही. पण तो थांबला की गवय्याला आपण कुठे घसरलो ते कळत नाही.

तुम्ही लेकीचं गाणं गा, ताई. मोठ्याने गा. तंबोरा जुळलेला आहे ना, एवढंच अधूनमधून बघा.

तो जुळवायचा कसा, हे तुम्ही विचारलं नाही, तरी थोडं सांगतो. पहाटे उठून तासभर प्रार्थना करा असं मी तान्ह्या मुलाच्या आईला सांगणार नाही. रात्री तीन वेळा तुम्ही तशाच उठता. दूध पाजताना डोळे मिटून एक स्तोत्र मनात म्हणा, तेविसावं म्हणा, अर्ध्यावर झोप लागली तरी देवाला राग येत नाही. घरात पैसे येतील तेव्हा वाणसामानाची यादी करण्याआधी देवाचा वाटा बाजूला काढा, कितीही लहान असो. मुलीसाठी काही घ्याल तेव्हा अधूनमधून तेच आणखी एका लेकरासाठी घ्या, ज्याची आई ते घेऊ शकत नाही. आणि मुलीच्या भल्यासाठी म्हणून खोटं बोलायची वेळ येईल, ती येतेच, तेव्हा खोटं बोलू नका. त्या दिवशी तुम्हाला कळेल तुमची प्रीती कुणावर सर्वांत अधिक आहे. आज उपासनेत घशाशी अडकलेल्या आमेनवरून ते कळत नाही. खोटं आमेन म्हणण्यापेक्षा तुम्ही गप्प बसलात, आणि देवासमोर खरं राहणं ही प्रीतीचीच सुरुवात आहे. पेत्राला येशूने तीनदा विचारलं, तू माझ्यावर प्रीती करतोस काय? पहिल्या वेळी तर 'यांच्यापेक्षा अधिक' असंही विचारलं. पेत्राला "यांच्यापेक्षा अधिक" असं काही म्हणता आलं नाही. तो एवढंच म्हणाला, प्रभू, तुला सर्व ठाऊक आहे, मी तुझ्यावर प्रेम करतो हेही तुला ठाऊक आहे. येशूला ते चाललं. आणि त्याला उत्तर म्हणून काय मिळालं? माझी कोकरं चार. लहान जिवांना खाऊ घालण्याचं काम.

तेव्हा आज रात्री मुलगी झोपली की तिच्या डोक्यावर हात ठेवा. तिचं नाव घ्या आणि म्हणा, प्रभू, ही आधी तुझी आहे, मग माझी. मनातून नाही आलं तर नाही आलं, उद्या पुन्हा म्हणा. सासूबाईंनाही जवळ बोलवा, त्यांचा हात तुमच्या हातावर ठेवायला सांगा. त्यांचं एखादं लेकरू लहानपणी गेलं आहे का, हे तुम्ही त्यांना कधी विचारलंय? विचारा. आणि त्या सांगू लागल्या तर सगळं ऐकून घ्या, मुलगी जागी झाली तरी.